बाजार मंद असताना पर्यावरणपूरक वस्तू विकायच्या कशा?

मांजरपाट (इचलकरंजी), धागाकर्ती

मंडळी, नमस्कार.

इचलकरंजीत आमचा महिला बचत गट एक छोटे दुकान चालवतो. मांजरपाटाच्या, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाच्या पिशव्या, धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड, वाळलेल्या घोसाळ्याच्या घासण्या, रिठा-शिकेकाईची पूड, बांबूचे टूथब्रश, लाकडी घाण्याचे तेल आणि ग्राहकाने आणलेल्या बाटलीत सुटे भरून मिळणारे भांडी घासण्याचे व फरशी पुसण्याचे द्रावण, असा आमचा माल आहे. आमच्या गावात यंत्रमागाला मंदी आली की तिची झळ आधी खर्चीवाल्यांना, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्यांना, मग कामगारांना आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक दुकानाला लागते. येथे बहुतेक कामगारांच्या हातात पैसे आठवड्याला पडतात आणि घरातला किराणाही बराचसा त्याच हिशेबाने भरला जातो. दोन पाळ्यांत चालणारे माग एका पाळीवर आले की कामगाराच्या घरची यादी त्याच आठवड्यात लहान होते.

आमच्या दुकानाला ही झळ लागली, त्यात नवल नाही. मात्र विक्री सगळ्या वस्तूंची सारखी उतरली नाही, आणि त्यावर सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढला आहे. बांबूचे ब्रश जवळजवळ थांबले. दिवाळीसाठी कार्यालये भेट म्हणून जे संच घेत असत, त्यांची मागणी सर्वांत आधी गेली. घाण्याचे तेल निम्म्यावर आले, कारण एका किलोमागे शंभर-दीडशे रुपयांचा फरक दर महिन्याला सोसणे मध्यम उत्पन्नाच्या घरालाही जड जाते. याउलट सुट्या द्रावणाचा खप वाढला, आणि यापूर्वी कधीही दुकानाची पायरी न चढलेल्या बायका रिकाम्या बाटल्या घेऊन येऊ लागल्या. पॅडची विक्री किंचित कमी झाली, पण टिकली. जुन्या साड्या आणून त्यांच्या पिशव्या शिवून मागणाऱ्यांची संख्या तर इतकी वाढली, की केवळ मजुरीवर शिवून देण्याचा वेगळा दर आम्हाला ठरवावा लागला.

या काळात भेटलेल्या जवळपास प्रत्येक हितचिंतकाने आम्हाला दोनच सल्ले दिले: सूट द्या, आणि पर्यावरणाचे महत्त्व अधिक जोरात सांगा. पहिला सल्ला मला मान्य नाही. आमच्या पिशवीच्या किमतीत कापड आणि शिलाई यांखेरीज फारसे काही नसते, त्यामुळे सूट द्यायची म्हटले तर ती शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतूनच कापली जाते, आणि मंदीचा सर्वांत मोठा फटका आधीच तिला बसलेला असतो. दुसरा सल्ला चुकीचा नाही, पण तो भलत्याच अडचणीवरचा उपाय आहे. मंदीमुळे माणसाची नदीविषयीची किंवा मातीविषयीची आस्था कमी होते असे मला दिसत नाही. कमी होते ती त्याच्याकडे एका वेळी खर्च करता येईल अशी रक्कम. ज्या बाईने ब्रश परत ठेवला तिनेच त्याच फेरीत अर्धा लिटर द्रावण भरून नेले, हे मी पाहिले आहे. तिला पर्यावरण शिकवण्याची गरज नव्हती.

म्हणून माझा प्रश्न असा की, वाईट काळात कोणत्या पर्यावरणपूरक वस्तू टिकतात, कोणत्या पडतात, आणि टिकणाऱ्या वस्तूंची पहिली किंमत ग्राहकाला झेपेल अशी करण्याचे कोणते मार्ग आपल्यापैकी कोणी वापरले आहेत? शक्य असेल तेथे आकडे द्यावेत, ही विनंती. कौतुकापेक्षा त्यांचा आम्हाला अधिक उपयोग होईल.

---

हिशेबनीस (पुणे)

ताई, तुम्ही दिलेली यादी वाचतानाच मी तिचे तीन भाग पाडले. ते येथे मांडतो. दुकानात मालाची मांडणी करतानाही त्यांचा उपयोग व्हावा.

पहिला भाग अशा वस्तूंचा, ज्या घेतल्या त्या दिवसापासूनच स्वस्त पडतात. सुटे द्रावण यात येते, कारण ग्राहक बाटलीचे आणि जाहिरातीचे पैसे देत नाही. साडीची पिशवीही यातच येते. दुसऱ्या भागातील वस्तू अखेरीस स्वस्त पडतात, पण सुरुवातीला एकदम मोठी रक्कम मागतात. कापडी पॅडचा सहाचा संच नऊशे रुपयांचा धरला आणि वापरून फेकण्याच्या पॅडवर महिन्याला ऐंशी रुपये जात असतील असे मानले, तर वर्षभरात पैसे वसूल होतात आणि पुढचा काळ बचतीचा असतो. तिसऱ्या भागातील वस्तू कधीच पैसे परत देत नाहीत. ऐंशी रुपयांचा बांबूचा ब्रश आणि पंचवीस रुपयांचा प्लॅस्टिकचा ब्रश दोन्ही तीनच महिने चालत असतील, तर वरचे पंचावन्न रुपये ग्राहक केवळ आस्थेपोटी देत असतो, आणि मंदीत सर्वांत आधी हेच पैसे आटतात. त्याला दोष देण्याचे कारण नाही.

विक्रीचे खरे कौशल्य दुसऱ्या भागात लागते. त्यासाठी आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण एलईडी दिव्यांचे आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीत एका दिव्याची किंमत ३१० रुपये होती. मोठ्या संख्येने एकत्रित निविदा काढल्यामुळे ती २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आली. ही झाली खरेदीची बाजू. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर महत्त्वाची सोय अशी होती, की अनेक ठिकाणी दिवा रोख घेता येत होता किंवा थोडे पैसे भरून उरलेली रक्कम वीजबिलातून लहान हप्त्यांनी फेडता येत होती. पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे या योजनेतून घरोघरी गेले. साठ वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. हप्ता भरणाऱ्याच्या खिशातून खरे तर काहीच जात नव्हते, कारण हप्त्याहून अधिक रक्कम त्याच बिलात कमी होत होती.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण विक्रेते तो सहसा सांगत नाहीत. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त असतो. म्हणजे वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होते. ज्या घराचे बिल १३०-१४० युनिटांचे आहे, त्याला तीस-चाळीस युनिट वाचवण्याचे मोल सरासरी दरावरून वाटते त्याहून अधिक असते. कमी विजेचे पंखे विकणाऱ्याने ग्राहकाचे मागचे बिल मागून घ्यावे आणि त्याच्यासमोर हा हिशेब करून दाखवावा. कोणतेही पत्रक याहून अधिक पटवून देऊ शकणार नाही.

---

टेम्सकाठ (लंडन)

मी २००६ पासून इंग्लंडमध्ये आहे आणि २००८-०९ ची मंदी येथे किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात काम करताना पाहिली. मूळ प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मंदीपूर्वी ब्रिटनमध्ये सेंद्रिय अन्नाची विक्री वर्षानुवर्षे वाढत होती आणि ही वाढ आता थांबणार नाही, असे सगळे धरून चालले होते. २००९ मध्ये ती १२.९ टक्क्यांनी घसरली. सॉइल असोसिएशन ही संस्था दरवर्षी हे आकडे प्रसिद्ध करते. त्यांनुसार त्यानंतरही काही वर्षे घसरण चालू राहिली आणि २०१३ मध्ये विक्री पुन्हा वर आली. सेंद्रिय भाजी हिशेबनीसांच्या तिसऱ्या भागात बसते: दर आठवड्याला जास्त पैसे आणि वसुली काही नाही. मात्र त्याच काळात भाजीच्या बियांना मागणी वाढली आणि नगरपालिकांकडून भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांसाठी प्रतीक्षायाद्या लांबल्या. विकतची सेंद्रिय भाजी सोडणारे आणि घरी भाजी लावणारे यांत बरीचशी कुटुंबे तीच असावीत, असे मला त्या वेळीही वाटत होते. ताईंनी ब्रश ठेवून द्रावण नेणाऱ्या बाईविषयी लिहिले आहे, ते वाचून मला हेच आठवले.

आता उलट उदाहरण. सेंद्रिय माल पडत असताना फेअरट्रेड, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला दिल्याचे प्रमाणपत्र असलेल्या मालाची ब्रिटनमधील विक्री २००९ मध्येही वाढली. त्यामागचे एक मोठे कारण असे, की कॅडबरीने त्या वर्षी आपले नेहमीचे डेअरी मिल्क चॉकलेट फेअरट्रेड प्रमाणपत्राखाली आणले, आणि ते आणताना ग्राहकासाठी किंमत वाढवली नाही. घानातील कोको उत्पादकांना द्यायची जादा रक्कम कंपनीने आपल्या हिशेबात सामावून घेतली. म्हणजे ग्राहकाला दोन चॉकलेटांतून निवड करायचीच नव्हती; तो नेहमीचे घेत होता आणि चांगला माल आपोआप घरी येत होता. ‘हिरवा’ पर्याय वेगळ्या फळीवर, वेगळ्या दराने ठेवला की मंदीत ती फळी ओस पडते, हा धडा अनेक दुकानांनी तेव्हा घेतला.

अटलांटिकच्या पलीकडेही असेच घडले. अमेरिकेत क्लोरॉक्स कंपनीने जानेवारी २००८ मध्ये ‘ग्रीन वर्क्स’ नावाची वनस्पतिजन्य स्वच्छता-द्रावणे बाजारात आणली. पहिल्या वर्षी विक्री दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि मंदी मुरल्यावर दोन-तीन वर्षांत सहा कोटींच्या आसपास उतरली. ती द्रावणे नेहमीच्या द्रावणांपेक्षा महाग होती.

पिशव्यांविषयीही एक गोष्ट नोंदवतो. मार्क्स अँड स्पेन्सरने मे २००८ पासून, म्हणजे मंदी दाराशी आलेली असताना, खाद्यविभागातील प्लॅस्टिक पिशवीला पाच पेन्स आकारायला सुरुवात केली. पाच पेन्सने कोणी गरीब होत नाही, तरीही पिशव्यांचा वापर जवळपास ऐंशी टक्क्यांनी खाली आला. जी वस्तू फुकट मिळते असे वाटत होते तिची किंमत समोर लिहिलेली दिसली, एवढेच त्यामागे होते. खिसा आखडलेला असताना माणूस असे लहान आकडे अधिक लक्षपूर्वक वाचतो, आणि विक्रेत्याने या सवयीचा प्रामाणिक उपयोग करून घ्यावा.

---

मांजरपाट (इचलकरंजी), धागाकर्ती

हिशेबनीस आणि टेम्सकाठ, दोघांचेही मनापासून आभार. तीन भागांची विभागणी गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. पॅडच्या बाबतीत आम्ही भिशीचा मार्ग अवलंबत आहोत: दहा-बारा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची आणि चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्यात संच न्यायचा. आमच्या भागात भिशी प्रत्येक गल्लीत चालते, त्यामुळे ती समजावून सांगावी लागत नाही, आणि व्याजाचा प्रश्नही येत नाही.

फेअरट्रेड चॉकलेटाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटले, पण त्यातली अडचणही स्पष्ट आहे. मोठी कंपनी जादा खर्च पोटात घेऊ शकते. दहा बायकांचा गट तो कोठे ठेवणार? लहान विक्रेत्याला असा भार उचलायचा असेल तर उत्पादनाचा दुसरा एखादा खर्च कमी करावा लागेल. आम्ही तो वेष्टनात शोधत आहोत.

---

शाडूमाती (पेण)

आमच्याकडचा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण येथील वस्तू वर्षातून एकदाच विकली जाते आणि ती श्रद्धेची असते.

पेण आणि शेजारच्या हमरापूर-जोहे परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने घरोघरी आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसची (पीओपीची) मूर्ती साच्यातून लवकर निघते, लवकर वाळते, वजनाने हलकी असते आणि प्रवासात सहसा मोडत नाही. शाडूची मूर्ती वाळायला वेळ घेते, पावसाळी हवेत तर फारच. ती जड असते, वाहतुकीत तडकते, आणि माती गुजरातेतील भावनगरकडून आणावी लागते. किमतीतील फरक या सगळ्यातून येतो. तो कारागिराचा लोभ नव्हे, हे शहरातील ग्राहकांनी समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०२० साली टाळेबंदी आली तेव्हा आमच्या कारखान्यांत कच्च्या मूर्ती तयार होत्या आणि मागणीचा काहीच भरवसा नव्हता. त्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि थोड्याच दिवसांत, कारागिरांचे नुकसान लक्षात घेऊन, केंद्राने ती एक वर्ष पुढे ढकलली. जुलैत राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तीसाठी चार फूट आणि घरगुती मूर्तीसाठी दोन फूट अशी उंचीची मर्यादा घातली. त्या वर्षी मी जे पाहिले ते असे: ज्यांची मिळकत घटली होती त्यांनी मूर्ती घेणे सोडले नाही, त्यांनी उंची कमी केली. नेहमी दीड फुटाची पीओपीची मूर्ती नेणाऱ्या घराने आठ-नऊ इंचांची शाडूची मूर्ती नेली, आणि त्यांचा खर्च पूर्वीपेक्षा कमी झाला. शाडूचा तोटा, म्हणजे वजन आणि तडकणे, लहान आकारात जवळजवळ नाहीसा होतो. मोठ्या मूर्तीत शाडू पीओपीशी किमतीत कधीच बरोबरी करू शकत नाही. लहान मूर्तीत करू शकते.

म्हणून मंदीच्या वर्षी शाडूच्या कारखानदाराने दर पाडण्याऐवजी लहान मापाचे साचे अधिक भरावेत, असे माझे ठाम मत आहे. आकार लहान झाला तरी रंगकाम आणि डोळ्यांची आखणी यांत काटकसर करू नये. गिऱ्हाईक मूर्तीच्या मुखाकडे पाहते, फूटपट्टी घेऊन येत नाही.

आणखी एक मार्ग मातीचा. पुण्यात काही संस्था घरी बादलीत विसर्जन झालेल्या मूर्तींची शाडू गोळा करून ती मूर्तिकारांना परत देतात. भावनगरहून येणाऱ्या मातीत वाहतुकीचा वाटा मोठा असल्याने, परत आलेली माती चाळून, रंगाचा थर काढून वापरता आली तर पुढच्या वर्षाच्या किमतीला तिचा आधार होतो. यात मेहनत बरीच आहे आणि रासायनिक रंग लावलेल्या मूर्तीची माती उपयोगाची नसते. परत घेण्याचा विचार आधी करूनच रंग निवडावा लागतो.

न्यायालयीन निर्णयांनी दरवर्षी चित्र बदलते, हेही येथे सांगितले पाहिजे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवण्यास व विकण्यास मुभा दिली आणि नैसर्गिक जलाशयातील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. ज्या कारागिराने बंदी कायम राहील या भरवशावर कर्ज काढून शाडूचा साठा केला असेल, त्याची अवस्था काय होते याचा विचार धोरण ठरवणाऱ्यांनी करावा. केवळ कायद्याच्या आधाराने उभी असलेली मागणी धरून माल भरणे वाईट वर्षी फार धोक्याचे असते.

---

दूधभाकर (इचलकरंजी)

मी विक्रेती नाही, ग्राहक आहे. घरात माग होते, आता नाहीत. वरचे सगळे वाचून ग्राहकाच्या बाजूने चार वाक्ये लिहावीशी वाटली.

कापडी पॅडचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात पाणी धरलेले नाही. आमच्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्या घरात पिण्याचे पाणीही साठवून पुरवावे लागते, तेथे पॅड धुण्यासाठी दोन बादल्या जास्तीच्या लागतात याला किंमत आहे. शिवाय ते उन्हात वाळवायला जागा हवी. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, समोर सासरे आणि दीर बसलेले असताना, ते कोठे वाळत घालायचे हा प्रश्न माझ्या मुलींनी मला विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. त्यामुळे ‘वर्षात पैसे वसूल’ असे सांगताना, ते कोणत्या घरासाठी खरे आहे हेही सांगावे.

दुसरे, लहान माप ठेवावे. बड्या कंपन्या शाम्पू एक रुपयाच्या पुडीत विकतात. त्या पुडीचा कचरा होतो हे मला कळते, पण माझ्या हातात त्या दिवशी पाच रुपये असतील तर मी पुडीच घेणार. तुमच्या दुकानात शिकेकाईची पूड पाव किलोच्या खाली मिळत नव्हती. तीच पाच-दहा रुपयांची, कागदाच्या पुडीत बांधून दिली असती, तर मी कधीच घेतली असती.

तिसरे, घोसाळ्याची घासणी चांगली आहे आणि तारेच्या घासणीपेक्षा भांडी जपते. पण वेल दारात लावला की ती फुकट मिळते. आता मी विकत घेत नाही. याबद्दल राग मानू नये.

---

पंचगंगा (कोल्हापूर)

चर्चा चांगली चालली आहे, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली जात आहे आणि तिला माझा आक्षेप आहे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी स्वस्त आहे असे आपण सगळे मानून चाललो आहोत. ती स्वस्त नाही. ती दुकानदाराला पन्नास-साठ पैशांत पडते, कारण नाल्यातून ती काढण्याचा, पुराच्या पाण्यात तिने अडवलेल्या गटारांचा आणि ती खाऊन मेलेल्या गाईचा खर्च तिच्या किमतीत लिहिलेला नसतो. तो खर्च महापालिका करते, म्हणजे आपण करतो. या परिस्थितीत पंधरा रुपयांच्या कापडी पिशवीला ‘महाग’ म्हणणे आणि तिने स्पर्धेत टिकून दाखवावे अशी अपेक्षा करणे, हा त्या पिशवीवर अन्याय आहे. बचत गटांनी आपली कल्पकता पणाला लावावी हे ठीक, परंतु मूळ असमतोल सरकारने दूर केला पाहिजे.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली: पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये आणि कैद. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी घातली आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन केली. कायदे कागदावर पुरेसे कडक आहेत. पण धंदा मंदावला की अंमलबजावणीही सैल होते, कारण आधीच अडचणीत आलेल्या भाजीवाल्याला दंड करणे तपासनिसालाही नकोसे वाटते. ती सहानुभूती मला समजते. मात्र तिची किंमत कापडी पिशवी शिवणारी बाई मोजते, आणि तीही त्याच मंदीत असते.

सरकारांनी मंदीतच चांगली पावले उचलल्याची उदाहरणे आहेत. जपानने २००९ मध्ये बाजाराला चालना देण्यासाठी पैसा ओतला, तेव्हा कमी वीज खाणारे टीव्ही, फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रे घेणाऱ्यांना ‘इको पॉइंट’ दिले, आणि ते गुण इतर वस्तूंसाठी वापरता येत. कारखान्यांना काम मिळाले आणि विजेचीही बचत झाली. आपल्याकडे महापालिका कापड-उद्योगाला मदत करायचीच म्हणते, तर तिने मंदीच्या महिन्यांत स्थानिक मांजरपाट घेऊन बचत गटांकडून पिशव्या शिवून घ्याव्यात आणि त्या भाजी मंडईत अनामत रकमेवर द्याव्यात. पिशवी परत आली की पैसे परत. मागवालाही जगेल, शिवणारीही जगेल.

---

हिशेबनीस (पुणे)

पंचगंगा यांच्या म्हणण्याशी तत्त्वतः सहमत आहे. अनामतीच्या कल्पनेत एक भर घालतो: रक्कम पिशवीच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी ठेवली तर पिशव्या परत येत नाहीत आणि योजना तोट्यात जाते, जास्त ठेवली तर मंडईतला ग्राहक घेतच नाही. काचेच्या बाटलीत सरबत-सोडा विकणाऱ्यांनी हा तोल पूर्वीच साधलेला आहे, त्यांच्याशी बोलावे. पिशव्या धुण्याची जबाबदारी कोणाची, हेही आधी ठरवावे लागेल.

दूधभाकर यांचा पाण्याचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता आणि तो हवाच.

---

मांजरपाट (इचलकरंजी), धागाकर्ती

सर्वांचे प्रतिसाद वाचून गटाने बैठक घेतली. काय ठरले ते येथे लिहिते, म्हणजे अशाच प्रकारचे दुकान चालवणाऱ्या इतरांना त्यातून काही घेता येईल किंवा आमची चूक दाखवता येईल.

बांबूचे ब्रश आणि भेटवस्तूंचे संच यापुढे मागणी नोंदवल्यावरच मागवायचे, दुकानात साठा ठेवायचा नाही. त्यात अडकलेले पैसे सुट्या द्रावणाच्या कच्च्या मालाकडे वळवायचे. घाण्याचे तेल किलोऐवजी शंभर मिलिलिटरपासून, ग्राहकाच्या बाटलीत मोजून द्यायचे. ज्या घराला महिन्याचे सगळे तेल घाण्याचे परवडत नाही, ते घर कच्च्या वापरासाठी, म्हणजे चटणी-कोशिंबिरीपुरते तरी घेईल असा आमचा अंदाज आहे. शिकेकाई, रिठा आणि आवळा यांची पाच आणि दहा रुपयांची पुडी जुन्या वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या कागदात बांधायची, कारण छपाईची शाई डोक्याला लागणाऱ्या पुडीत नको. दूधभाकरताई, पहिल्या पुड्या या आठवड्यात तयार होतील. दुकानात येऊन माप पुरेसे वाटते का ते पाहावे. घोसाळ्याच्या बाबतीत रागाचा प्रश्नच नाही. आम्ही आता घासणीसोबत बियांची पुडीही ठेवणार आहोत.

पॅडच्या पाकिटावर आतापर्यंत आम्ही ‘पर्यावरणपूरक’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापत होतो. नव्या पाकिटावर किंमत, ती किती महिन्यांत वसूल होते तो आकडा, धुण्यास अंदाजे लागणारे पाणी आणि उन्हात वाळवण्याची आवश्यकता, या चारही गोष्टी सारख्याच आकाराच्या अक्षरांत येतील. ज्या घरात पाणी किंवा ऊन नाही तेथे ते विकण्याचा आग्रह धरायचा नाही, असे विक्रीला बसणाऱ्या प्रत्येकीला सांगितले आहे. एका वापरणारीचा वाईट अनुभव गल्लीत दहा जणींना दूर ठेवतो, हा व्यवहार त्यात आहेच. पण मुख्य म्हणजे, जिच्याकडे पाणी नाही तिच्या हातात ती वस्तू देणे योग्य नाही.

साडीच्या पिशव्यांचा मजुरीचा दर आम्ही कमी केलेला नाही. बोहारणीकडे जुन्या कपड्यांवर भांडे मिळते, त्या धर्तीवर मात्र एक बदल केला आहे. तीन धड साड्या आणणाऱ्या ग्राहकाला एका साडीच्या पिशव्या मजुरी न घेता शिवून मिळतील आणि उरलेल्या दोन साड्या गटाकडे राहतील. त्यांतून शिवलेल्या पिशव्या आम्ही भाजीवाल्यांना विकू. कापडाचा खर्च त्यांत नसल्याने किंमत सात-आठ रुपयांवर येते आणि शिवणारीला पूर्ण मजुरी देता येते. कोऱ्या मांजरपाटाच्या पिशवीची मागणी यामुळे आणखी कमी होईल, हे आम्हाला दिसते आहे. गावातल्या मागांवर विणलेले कापड घेण्यासाठी हा गट सुरू झाला होता, त्यामुळे काही जणींना हा निर्णय जड गेला. त्यावर तोड म्हणून पंचगंगा यांनी सुचवलेल्या अनामत पिशवीचा प्रस्ताव, कोऱ्या मांजरपाटासह, महापालिकेला द्यायचे ठरले आहे. कोणाकडे अशा प्रस्तावाचा नमुना असेल, विशेषतः अनामतीची रक्कम आणि धुण्याची जबाबदारी यांची कलमे असलेला, तर कृपया येथे द्यावा.